तेलाचा हात

माझ्या नवऱ्याला दिवसभरात घाम किती आला, हे पुण्यातल्या एका बाईला माझ्याआधी कळायचं. नुसतं किती आला एवढंच नाही, का आला तेही कळायचं. दुपारी चढ चढला म्हणून, साडेतीनला पाय घसरला म्हणून, अमुक वेळी कसली तरी काळजी वाटली म्हणून. पंधरा वर्षं त्याचे शर्ट मी शिवले, मी धुतले, कॉलरीचा मळ मी घासला आणि त्याच्या जिवात काय चाललंय ते मात्र डॉक्टर मुग्धा काळसेकर सांगणार. मला राग येणार नाही तर काय होणार?

नवऱ्याचं नाव घ्यायला मी लाजत नाही. जोतिराम सपकाळ. शाळेत आम्ही एकाच वर्गात होतो, त्यामुळे चार माणसांत अहो आणि घरात अरे. आमची माचीवाडी कोयनेच्या खोऱ्यात, सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळपठाराच्या, अगदी पायथ्याशी. दोन हजार चौतीस सालच्या पावसात पलीकडची वाडी दरडीखाली गेली आणि त्यानंतर सरकारनं खोऱ्याखोऱ्यांत दरडराखे नेमले. आधी यंत्रं बसवली होती. चार महिन्यांचा पाऊस आणि माकडं यांच्यापुढे ती टिकली नाहीत. मग माणूस लागला. सड्यावर जिथे जमिनीला भेगा गेल्यात तिथे लोखंडी खुंट्यांच्या जोड्या ठोकल्यात, बावीस ठिकाणी. सकाळी निघायचं, एकेका जोडीतलं अंतर मोजायचं, संध्याकाळी परत यायचं. पावसाळाभर रोज आठ-नऊ तास माणूस पावसात.

त्यासाठी एकोणचाळीसच्या जूनमध्ये ते जाकीट आलं. राखाडी रंगाचं, हातात घेतलं तर ओढणीइतकं हलकं. ते घेऊन काळसेकर मॅडम स्वतः आल्या. तिशीची बाई, केस बारीक कापलेले, बोलणं गोड. ग्रामपंचायतीत बसून त्यांनी सगळं समजावलं. मी शिलाईवाली म्हटल्यावर माझ्याकडे बघूनच सांगत होत्या.

"साधा रेनकोट पाणी आत येऊ देत नाही, पण घामही बाहेर जाऊ देत नाही. तासाभरात माणूस आतूनच भिजतो. या कापडाच्या दोन थरांच्या मध्ये एक पापुद्रा आहे, केसापेक्षा पातळ. नखाएवढ्या जागेत शंभर कोटींवर छिद्रं. एकेक छिद्र पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान, म्हणून पाऊस आत शिरत नाही. पण वाफेच्या कणापेक्षा शेकडो पटींनी मोठं, म्हणून घामाची वाफ निघून जाते."

एवढं जुन्या जाकिटांतही होतं म्हणे. नवीन होतं ते पुढचं. आतल्या अस्तरात बारीक धागे होते, ते घाम चाखायचे. त्यातलं मीठ, साखर आणि जीव धास्तावला की अंगात जे रसायन सुटतं तेसुद्धा. त्यावरून जाकीट ठरवायचं, माणूस चढतोय की बसलाय. चढत असला की छिद्रं मोठी करायची, बसला की बारीक करायची, म्हणजे ऊब आत राहते. आणि हे सगळं रेषेरेषेनं पुण्याच्या प्रयोगशाळेत आणि आमच्या पंचायतीतल्या स्क्रीनवर उमटायचं.

"तीन गोष्टी फक्त करायच्या नाहीत," मॅडम म्हणाल्या. "धुण्याची पावडर नको, इस्त्री नको आणि सुई अजिबात लावायची नाही. सुईचं एक भोक पडलं तरी पापुद्रा कामातून गेला."

शिलाईवालीच्या नवऱ्याच्या अंगावर सुई न लागलेला कपडा. मी हसून मान डोलावली, पण तिथूनच माझं बिनसलं.

तेलाबद्दल कुणीच बोललं नाही. पुण्यात कुणाला सुचणार? आमच्याकडे पावसात उतरणारा माणूस तेलाचा हात फिरल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. खोबरेल गरम करायचं, त्यात कापूर विरघळवायचा आणि पाठीला, छातीला, दंडांना चोळायचं. पाणी अंगावर ठरत नाही, गारठा हाडात शिरत नाही. सासूबाई सासऱ्यांना चोळायच्या, मी जोतिरामला. पंधरा पावसाळे. आणि खरं सांगायचं तर मला त्या तेलाची त्याच्यापेक्षा जास्त गरज होती. हा माणूस तोंडासमोर बोलत नाही. पाठ माझ्याकडे असली आणि पाठीवर माझा हात फिरत असला, की मग बोलतो. पोरीला साताऱ्याला शिकायला ठेवली तर आपल्याला करमेल का, हे त्यानं मला तेल लावतानाच विचारलं होतं. सगळा दिवस मी त्या दहा मिनिटांवर काढायचे.

जाकीट आलं आणि त्या दहा मिनिटांत तो गप्प राहायला लागला. कारण सगळं आदल्या संध्याकाळीच बोलून झालेलं असायचं. मॅडमशी.

रोज सहाच्या सुमारास त्यांचा फोन यायचा. एकदा मी भाकरी थापत होते आणि फोन स्पीकरवर होता.

"जोतिरामदादा, आज बारा चाळीसला काय झालं? रेष एकदम उडाली."

"नऊ नंबरच्या खुटीजवळ पाय सुटला मॅडम. करवंदीच्या जाळीला धरून लोंबकळलो दोन मिंटं. मग आलो वर."

माझा हात परातीतच थांबला. घरी येऊन त्यानं चहा घेतला होता, पाय धुतले होते, शेळी बांधली होती. माझ्याजवळ एक अक्षर काढलं नव्हतं.

"मला न्हाई सांगितलंस," फोन ठेवल्यावर मी म्हणाले.

"तू कुठं इचारलंस?"

"मी रोज इचारायचं का, आज मरता मरता वाचलास काय म्हनून?"

"तिला दिसलं. म्हनून तिनं इचारलं," तो म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

त्यात त्याचं काय चुकलं, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्या दिवसापासून मी मॅडमच्या फोनावरून त्याला टोमणे मारायला सुरुवात केली. आज काय म्हणाली तुझी मॅडम. आज किती घाम मोजला. तुला ताप आला तर आता औषध मी देऊ की पुण्याहून मागवू. रोज काही ना काही. तो ऐकून घ्यायचा आणि ताटावर मान खाली घालून जेवायचा. त्याचं हे ऐकून घेणंच मला जास्त झोंबायचं.

जुलैच्या मध्यात जाकीट पाठीकडून ओल धरायला लागलं. मॅडमनं फोनवर विचारलं, "अंगाला काही लावता का दादा? क्रीम, लोशन?"

जोतिराम हसला. "आमी कसलं क्रीम लावतुया, मॅडम?" तो खोटं बोलत नव्हता. क्रीम म्हणजे लग्नातली गोष्ट. तेल म्हणजे आंघोळीसारखं, ते कुणी लावण्यात धरत नाही. तेवढ्यात शेळी सुटली म्हणून फोन माझ्या हातात देऊन तो धावला.

"ताई, मी का विचारलं सांगते," मॅडम म्हणाल्या. "जुन्या जाकिटांत पापुद्र्यावर एक लेप असायचा, अंगाच्या तेलकटपणापासून जपणारा. त्यानं घाम हळू जायचा, म्हणून आम्ही तो काढला. नुसत्या त्वचेचा तेलकटपणा हे कापड सोसतं. पण बाहेरून तेल लावलं तर छिद्रं ते पितात आणि तेलाच्या मागोमाग पाणी आत येतं. अस्तरातले धागेही बुजतात. मग माणूस ओलाचिंब असला तरी आम्हाला खोटंच कोरडं दिसेल. तसं काही असेल तर त्यांना सांगाल ना?"

"सांगते की," मी म्हणाले.

आणि सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा पाठ करून उभा राहिला, मी वाटीत बोटं बुडवली आणि मला वाटलं, हे बंद केलं तर माझ्याकडे उरतं काय? हा एक विचार. दुसरा विचार याहून वाईट होता, तोही सांगून टाकते. खोटं कोरडं दिसू दे की तिला. बघू किती ओळखतेस माझ्या नवऱ्याला.

ऑगस्टमध्ये मॅडम पुन्हा आल्या. जोतिरामनं अंगातून काढलेलं जाकीट त्यांनी घेतलं आणि आत हात घालून पाठीच्या जागी तळवा टेकवून उभ्या राहिल्या, डोळे मिटून. ओल तपासत होत्या, दुसरं काही नाही. पण मी चहाचा कप जरा जोरातच ठेवला.

मग त्यांनी टॅबलेटवर रेषा दाखवल्या. "पाठीचे धागे मंद झालेत. दंडांचे अजून तग धरून आहेत, मानेचे तर छान चाललेत. त्यात एक गंमत आहे बघा. रोज पाच वाजून दहा मिनिटांनी काहीतरी होतं. जूनमध्ये त्या वेळी तुमची ही रेष खाली यायची. म्हणजे जीव निवांत व्हायचा. जुलैपासून त्याच वेळी ती चढते. त्या जागी काही आहे का? बिबट्या वगैरे?"

"काय न्हाई तिथं," जोतिराम म्हणाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही आणि मॅडमकडेही नाही.

"भीती आहे की हुरहूर, हे रेष सांगत नाही म्हणा. जीव खालीवर होतो एवढंच कळतं," मॅडम म्हणाल्या.

पाच दहाला तो कुठे असतो ते मला पाठ होतं. उंबराच्या टेकावर. सड्यावरून उतरताना मोबाईलला रेंज येते ती पहिली जागा. मॅडमचा फोन यायला पाऊण तास उरलेला असतो. म्हणजे रेंज आली की याचा जीव खालीवर व्हायला लागतो. मी हिशोब पक्का केला. हुरहूर म्हणे.

दुसऱ्या सकाळपासून मी मानेलाही तेल लावायला लागले. दंडांना दुप्पट.

"लई लावतीस आजकाल," तो म्हणाला.

"गारठा वाढलाय," मी म्हणाले.

भाद्रपदातला तो शुक्रवार. सकाळपासून पाऊस तिरपा येत होता आणि वारा असा की छत्री धरून चालता येईना. दुपारी तीनपर्यंत जोतिराम बावीस नंबरला पोचलेला असतो. त्या दिवशी स्क्रीनवर त्याचा ठिपका बारा वाजल्यापासून चौदा नंबरजवळ अडकलेला होता. त्याचा फोन तिथे लागत नाही, जाकिटाचा ठिपका तेवढा उपग्रहावरून येतो. मी पंचायतीत गेले तेव्हा धाकटे दीर हणमंत आणि सरपंच लताबाई स्क्रीनपुढे बसले होते. मॅडम फोनवर होत्या.

"काळजी करू नका वहिनी," हणमंत म्हणाले. "बघा की, समदं हिरवं हाय. कोरडा, उबेत, बसल्याला. चौदाच्या अंगाला कपार हाय, तिथं टेकला आसंल. ओढ्याला पानी हाय, उतरलं की जातूया आमी."

"मलाही तसंच दिसतंय," फोनमधून मॅडम म्हणाल्या. "घाम नाही, धास्ती नाही. शांत बसलेत. एवढ्या वाऱ्यात ते बसून राहिले हेच शहाणपण केलं."

हिरव्या ठिपक्याकडे मी बघत राहिले. तीन तास. घाम नाही, धास्ती नाही. पंधरा वर्षांत हा माणूस तीन तास कधी शांत बसलेला नाही. ते हिरवं त्याचं नव्हतंच. ते माझ्या वाटीतलं खोबरेल होतं.

तोंड उघडायला मला किती वेळ लागला ते माहीत नाही. थोडाच लागला असेल. पण तेवढ्यात मी मॅडमला काय वाटेल याचासुद्धा विचार केला. तो वर गारठत असताना. याची मला आजही शरम वाटते.

"ते कोरडे न्हाईत," मी म्हणाले. "मॅडम, मी त्यांना तेल लावते. रोज सकाळी. पाठीला, मानेला, दंडांना."

 मग मॅडमनं विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्यापासून. तुम्ही मला सांगितलंत त्याच्या आधीपासून, आणि सांगितल्यावर बी. मुद्दाम."

हणमंतांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनवरून नजर काढली नाही.

"म्हणजे मी बघतेय ते त्यांचं नाहीच," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बदलला, भराभर बोलायला लागल्या. "स्क्रीन बंद करा. जाकीट अंगाचा गारवा मोजत नाही, घामावरून अंदाज बांधतं. घाम कळला नाही, म्हणून त्याला वाटतंय माणूस निवांत आहे. ते तीन तास ओल्या अंगानं वाऱ्यात असतील. ओढा उतरायची वाट बघू नका. दोर घ्या, कोरडं लोकरीचं काहीतरी घ्या, गरम गोड पाणी घ्या. आणि ताई, ऐकताय ना? तुम्ही जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. त्यांना चोळायचं नाही. हात नाहीत, पाय नाहीत, पाठ नाही. चोळलं तर हातापायांतलं गार रक्त एकदम छातीकडे जातं, हृदय थांबू शकतं. ओलं काढा, कोरड्यात गुंडाळा आणि नुसतं धरून बसा."

घरातून सासऱ्यांची घोंगडी घेतली, प्लास्टिकच्या पोत्यात बांधली. आम्ही चौघं होतो. ओढा दोर बांधून पार केला, कमरेपर्यंत पाणी होतं. चौदा नंबरला पोचायला सव्वा तास लागला.

तो कपारीत नव्हता. कपारीपासून वीस पावलांवर एका धोंड्याला टेकून बसला होता, घोटा मुरगळून सुजलेला. कुडकुडत नव्हता. कुडकुडणं थांबलं आणि गारठलेल्या माणसाला उकडायला लागलं की वाईट, हे मॅडमनं फोन ठेवताना सांगितलं होतं. जाकिटाची चेन खाली ओढायचा प्रयत्न करत होता आणि बोटांना ती सापडत नव्हती.

"लई उकडतंय," तो म्हणाला. ओठ निळे पडले होते.

त्याला उचलून कपारीत नेला. जाकीट काढलं तर आतून पाणी निथळलं, आणि कापराचा वास आला. माझ्या हातांचा वास. घोंगडी आम्हा दोघांभोवती लपेटली आणि त्याची उघडी पाठ मी छातीशी धरली. पाठ दगडासारखी गार होती. माझे हात आपोआप फिरायला लागले. पंधरा वर्षांची सवय, ती काय विचारून येते? हणमंतांनी मनगट धरलं. "वहिनी. न्हाई."

मग मी दोन्ही हात त्याच्या छातीवर एकावर एक ठेवले आणि हलवले नाहीत. ते न हलवण्याइतकं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. पाऊण तासानं तो कुडकुडायला लागला. दात वाजायला लागले तेव्हा मी रडले.

तालुक्याच्या दवाखान्यात त्याला चार दिवस ठेवलं. दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. मी तयारीत होते, चार शिव्या खायच्या. तर त्या म्हणाल्या, "चूक माझीही आहे ताई. तीन गोष्टी नको म्हणून सांगितल्या, पण तुम्ही पावसात काय करता, हे मी एकदाही विचारलं नाही." चांगल्या माणसाचा राग करायला फार कष्ट पडतात. मी तेही करून पाहिलं होतं.

त्या गेल्यावर मी जोतिरामला सगळं सांगितलं. शेळी सुटली त्या दिवसापासूनचं.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हतं."

तो कुशीवर वळला, भिंतीकडे तोंड करून. पाठ माझ्याकडे आली. मी हात मांडीवर ठेवून बसले. मग मी विचारलं, "पाच धाला काय व्हतं रं तुला? उंबराच्या टेकावर?"

 पाठ माझ्याकडे होती, म्हणून तो बोलला.

"तिथनं आपल्या घराचा पत्रा दिसतो. आदी बरं वाटायचं. आलो एकदाचा, आसं. आता पत्रा दिसला की जीव धास्तावतो. आज तू काय बोलशील, ह्येच डोस्क्यात येतं. येकदोनदा तिथंच बसून ऱ्हायलो. अंधार पडाया लागला म्हनून उठलो."

बिबट्या. मॅडमनं बरोबर ओळखलं होतं.

सप्टेंबरअखेर नवीन जाकीट आलं. पापुद्र्यावर तो जुना लेप पुन्हा चढवलाय. घाम जरा हळू जातो, पण तेल सोसतं. काय करू नका याच्या यादीची जागा आता प्रश्नांच्या यादीनं घेतली आहे, आणि कुठल्याही गावात गेलं की पहिला प्रश्न तेलाचा, असं मॅडम सांगतात. सकाळी मी पुन्हा तेल लावते, बोटाच्या टोकाएवढं. जोतिराम पाठ करून उभा राहतो. बोलत नाही फारसा. मीही विचारत नाही.

मॅडमचा फोन आता आठवड्यातून एकदा मला येतो, जाकिटाची चौकशी करायला. महिनाभर मी जाकिटाचंच बोलले. परवा मात्र राहवलं नाही.

"पाच दहाला काय होतं हो आता?"

"सपाट आहे ताई," त्या म्हणाल्या. "दोन आठवडे झाले, चढत नाही."

"उतरते का?"

 "अजून नाही."

मशीनवर अर्धवट शिवलेला त्याचा शर्ट होता. मी त्याच्या खांद्याची शिवण बोटानं सरळ केली. माझ्या नवऱ्याच्या जिवाची रेष मला दिसत नाही आणि तिला दिसते, याचा मला अजून राग येतो. तो काही जायचा नाही.

"उतरली की सांगा मला," मी म्हणाले. "त्याला सांगायच्या आधी."